टिटवीचा बिल्ला

परवा रंगाऱ्याने ब्रश धुवायला रॉकेलचा डबा उघडला आणि त्या वासासरशी मी जवळा बाजारच्या शाळेच्या मैदानात जाऊन पोहोचलो. पुरात अडकलेल्यांना काढायला फौजेचं हेलिकॉप्टर तिथं उतरलं होतं. माझे चुलते फौजेतच विमानांचे मेकॅनिक होते. इंग्रजांच्या काळात तोफखान्यासाठी टेहळणी करायला उभी राहिलेली त्यांची स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, पुढे मोडली, तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं त्यांनी अन्न टाकलं होतं. त्या दिवशी चिखल तुडवत ते वैमानिकाजवळ गेले आणि त्याच्या बाहीवरच्या बिल्ल्याकडे बघतच राहिले. "ही टिटवी तर आमची हाय. तुमाला कशी भेटली?" वैमानिक मराठीच निघाला. "स्क्वाड्रन पुन्हा उभी केली, काका. नंबर तोच, टिटवीही तीच. तुम्ही आमचे जुने." चुलत्यांनी आपण तिथं मेकॅनिक होतो ते सांगितलं. मेकॅनिकने जमिनीवरून अंगठा दाखवल्याशिवाय हेलिकॉप्टर उडत नाही. वैमानिकाने स्वतःच्या मेकॅनिकला आत बसवलं आणि चुलत्यांकडे बघत थांबला. चुलत्यांनी धोतर सावरलं, आम्हा सगळ्यांना मागं सारलं, मागचं-पुढचं नीट पाहिलं आणि मगच अंगठा वर केला. हेलिकॉप्टर उडालं आणि मैदानभर त्याच्या इंधनाचा रॉकेलसारखा वास सुटला. आवाज विरला तरी त्यांचा हात वरच. चुलती म्हणाली, "आता तरी खाली घ्या की." "काहून? ते उतरू दे आधी," चुलते म्हणाले. चुलते जाऊन आता बरीच वर्षं झाली. रंगारी झाकण लावायला लागला, तेव्हा मी म्हटलं, राहू दे जरा उघडाच.