भिकुबाईची आखाजी

भिकुबाईच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून ही झाली तेव्हा आईनं पाच घरी पदर पसरून मूठमूठ दाणे मागितले आणि पोरीचं नाव भिकू ठेवलं. मागून आणलेल्या लेकराकडे मरणाचं लक्ष जात नाही, अशी आपल्याकडची समजूत. लक्ष गेलं नाही हे खरं. भिकुबाई जगली, सोनगीरजवळच्या एका खेड्यात नांदायला गेली, तिला लता झाली. मग स्वातंत्र्याच्या आदल्या साली पटकीची साथ आली आणि तीन दिवसांत तिचा मालक चिंधा गेला. भाऊबंदांत राहणं जमेना. तिनं दहा वर्षांच्या लताचं बोट धरलं आणि धुळ्याची वाट धरली.

धुळ्याच्या देवपुरात शेतकऱ्यांच्या पोरांचं एक बोर्डिंग होतं. तिथं तिला स्वयंपाकाचं काम मिळालं आणि स्वयंपाकघराला लागून एक खोलीही मिळाली. भाकरी थापता थापता तिनं लताला वाढवलं, रावेरकडे केळीच्या बागा असलेल्या घरात दिलं. मुलगी सुखात पडली. पण सुखाच्या घरची माणसं बोलायला कमी करतात असं थोडंच आहे?

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. दिवाळी चुकली तरी चालते, आखाजी चुकवत नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला भिकुबाईनं लताला आणायला माणूस धाडला. तो एकटाच परत आला. लताची सासू त्याला म्हणाली होती, "माहेर म्हणजे घर पायजे. बोर्डिंगच्या चुलीपाशी आम्ही सून धाडत नाही."

भिकुबाईनं ते ऐकलं आणि दळण दळायला बसली. दुसरं माहेर तरी कुठलं दाखवायचं? तिच्या स्वतःच्या माहेरी भाऊ होता तोवर न्यायला मूळ यायचं. तो गेल्यावर तेही थांबलं होतं. आणि आईनं व्याह्याच्या दारात सणाला जाऊन उभं राहायचं, ही काही रीत नव्हे.

बावन्न सालची आखाजी अशीच आली. परीक्षा आटोपून पोरं गावोगाव गेली होती. बोर्डिंगचे व्यवस्थापक, सगळे त्यांना नाना म्हणत, जाताना सांगून गेले, "भिकुबाई, तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही." चांगलं बोलले. पण फाटकाबाहेर त्यांचा टांगा वळला आणि एवढी मोठी इमारत एकदम भिकुबाईच्या अंगावर आली. एरवी पोरांच्या आरडाओरड्यानं तिचं डोकं उठायचं. "मावशी, भाकर! मावशी, वरण!" आता पांझरा नदीकडून वारा आला की रिकाम्या खोल्यांची दारं आपटायची, तेवढाच आवाज. दार लावून येताना कोणाच्या तरी खोलीत विसरलेला सदरा दिसला, तर तो उगाचच झटकून खुंटीला लावून यायची.

आखाजीच्या दिवशी पलीकडच्या कडुनिंबाला झोके बांधले होते. पोरींची गाणी सकाळपासून ऐकू येत होती. भिकुबाईनं खिडकी ओढून घेतली. सण करायचाच नाही, असं एकदा तिच्या मनात आलं. एकटीसाठी पुरण कोण वाटतं? पण आखाजी लेकींची तशी पितरांचीही. चिंधाच्या नावाची घागर भरल्यावाचून तिला राहवेना. नवी लाल घागर तिनं पाण्यानं भरली, वर लहानसं मडकं ठेवलं, त्याच्यावर आंबा ठेवला. मातीचं खापर तापवून पुरणाच्या पोळ्या केल्या. पुरणाच्या कटाची रशी, आमरस, कुरडया, सगळं झालं. चिंधाला कुरडया फार आवडायच्या.

आता पितर म्हणून जेवायला कोणीतरी माणूस हवा. गेलेल्याच्या नावानं बाहेरचा पुरुष पाटावर बसवायचा, त्याच्या पायावर पाणी घालायचं, त्याला पोटभर जेवू घालायचं, तेव्हा ते अन्न वर पोचतं. दरवर्षी बोर्डिंगचा रखवालदार बसायचा. यंदा तोही गावी गेला होता.

ती कुंपणापाशी गेली. पलीकडे शेजारची सुंदरबाई पापड तळत होती.

"अक्का, तुमना घरना माणूस थोडा येतीन का पितर म्हनीसन?"

सुंदरबाई हसली. "माय वं! त्यास्ले दोन घरनं आवतन शे आज. पोट शे का कोठार? तू आधीच सांगाले पाहिजे व्हतं!"

गल्लीतल्या आणखी दोन दारांत तिनं विचारलं. सगळीकडे तेच. आखाजीच्या दुपारी पुरुष मोकळा सापडायचा नाही. ती परत आली, आत पान वाढून ठेवलं आणि पायरीवर बसून राहिली. ऊन पायाशी आलं, मग गुडघ्याशी आलं. तिला वाटलं, जित्यापणी माणूस राखता आला नाही, आणि मेल्यावर त्याला जेवायलाही घालता येत नाही. कोणाच्या कामी आलो आपण?

तेवढ्यात फाटक वाजलं. एक म्हातारासा माणूस सायकल धरून उभा होता. मागं कापडाचं गाठोडं बांधलेलं. तिनं ओळखलं. निर्वासितांच्या वस्तीतला सिंधी होता तो, लीलाराम. पोरांना सदऱ्याचं कापड विकायला यायचा.

"माई, पाणी मिळेल?" तो म्हणाला. "पोरं कुठं गेली? आज सगळं गाव बंद आहे."

"आज आखाजी शे, भाऊ. बठ्ठी पोरं घर गयात."

त्यानं मान हलवली. पाणी एका दमात प्यायला. उन्हात बराच फिरलेला दिसत होता. भिकुबाईनं त्याच्याकडे पाहिलं, मग आत पानाकडे पाहिलं. शेवटी बोललीच.

"भाऊ, जेवाले बसशात का? मना मालकना पितर म्हनीसन. कोनी भेटनं नही माले."

त्याला आधी कळलं नाही. तिनं दोनदा समजावून सांगितलं तेव्हा त्यानं चपला काढल्या.

कुंपणावरून सुंदरबाईनं पाहिलं होतं. ती हलक्या आवाजात म्हणाली, "भिकू, कोन कोठला तो! त्याले पितर बसाडस?"

"भुक्या शे, अक्का," भिकुबाई म्हणाली आणि पाट मांडला.

तिनं त्याच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं. चुलीतल्या निखाऱ्यांवर तूप-पोळीचा घास टाकला, चिंधाचं नाव घेतलं. लीलाराम पाटावर अवघडून बसला होता. घासाला हात लावेना.

"काय व्हयनं, भाऊ? जेवतस का नही?"

"माझा मोठा भाऊ," तो म्हणाला आणि थांबला. मग तुटक तुटक बोलला. फाळणीत सिंधमधल्या शिकारपूरहून निघाले तेव्हा भाऊ तापानं फणफणला होता. मारवाडातल्या एका स्टेशनावर त्यानं पाणी मागितलं. "मी नळावर गेलो. रांग मोठी होती. पाणी घेऊन आलो, पण प्यायला तो नव्हता." लीलारामनं तांब्याकडे पाहिलं. "बायको-मुलं उल्हासनगरला आहेत. मी इकडे धंद्याला. या गोष्टीवर बोलायला माणूस नाही."

चिंधाही शेवटी पाणी पाणीच करत गेला होता. पटकीच्या माणसाला पाणी देऊ नका, असं तेव्हा कोणीतरी सांगितलं होतं, आणि तिनं ते ऐकलं होतं. हे ती आजवर लतालाही बोलली नव्हती. भिकुबाई उठली, घागरीतलं पाणी तांब्यात ओतून ताम्हणासह त्याच्यापुढं ठेवलं.

"तुमना भाऊनं नाव ल्या. सोडा पानी. एकच घागर शे, दोन्हीस्ले पुरी जाई."

त्यानं दोन्ही हातांनी तांब्या धरला. ओंजळीत पाणी घेऊन ताम्हणात सोडलं, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटला. मग जेवायला लागला. जेवला असा, की भिकुबाईला दोनदा पोळ्या आणायला आत जावं लागलं. कुरडया त्यानं मागून घेतल्या.

जाताना त्यानं गाठोडं सोडलं, छिटाच्या कापडाचा एक तुकडा काढून पाटावर ठेवला.

"नको," ती म्हणाली. "पितर काही देत नही, भाऊ. तो जेवस."

तो पहिल्यांदाच हसला. हात जोडून सायकल घेऊन गेला. फाटक लावल्यावर पुन्हा तेच रिकामं आवार, तीच दारं. लताची आठवण आली, ती तशीच आली, काही कमी झाली नाही.

भिकुबाईनं स्वतःचं पान वाढलं. इतक्या वर्षांत पोरांची पंगत उठल्यावर उभ्या उभ्याच ती दोन घास खायची. आज पाटावर बसली. दुसऱ्याच्या चुलीवर जगतो आपण, असं तिला कायम वाटत आलं होतं. पण आज या चुलीवरून एक माणूस तृप्त होऊन उठला होता, आणि कुठल्या तरी दूरच्या स्टेशनावर तहानेला राहिलेल्या जिवाला इथलं पाणी मिळालं होतं. एवढं आपल्या हातून करवून घेतलं, कोणी घेतलं कोण जाणे! तिनं चुलीला हात जोडले. आमरस थोडा आंबट होता. तिनं गूळ घातला आणि सावकाश, पोटभर जेवली.