आबांच्या मोतीबिंदूचं उरलेलं औषध

माझ्या बायकोच्या उजव्या डोळ्याचं जे झालं, ते मी केलं. त्यात ग्रहांचा काही दोष नाही. (ग्रहांवर ढकलून पाहिलं, जमलं नाही.)

सिंदी रेल्वेत आमचं कृषी केंद्र आहे. शेतकरी रोगट पान आणतो, मी त्यावरचे ठिपके पाहतो आणि औषध देतो. त्यामुळे हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी सुनंदाचा डोळा लाल होऊन चिकटला, तेव्हा मी चष्मा पुसून पुढे झालो.

"वर्ध्याले डॉक्टरले दाखवू न," ती म्हणाली.

"कायले? आपल्या आबाच्या मोतीबिंदूच्या आपरेशनचं औषध फ्रिजात पडून हाये!"

"अवो, ते तं मागच्या पोळ्याचं हाये!"

"औषध हाये ते, दूध नाई नासाले!"

मी थेंब टाकले. दुसऱ्या दिवशी लाली जाऊन डोळा चक्क पांढरा! हळदीकुंकवाला आलेल्या बायका थक्क. शेजारच्या शोभावहिनींचाही डोळा लाल होता. मी त्यांना खुर्चीत बसवलं, मान मागे करायला लावली आणि त्याच बाटलीचं तोंड त्यांच्या पापणीला टेकवून दोन थेंब सोडले.

"भाऊजी, तुमी आता दवाखानाच टाका!" त्या म्हणाल्या.

मी लाजलो. (मनात पाटीसुद्धा रंगवून झाली होती.)

चौथ्या दिवशी सुनंदाचा डोळा ठणकू लागला. उजेड सोसेना. मी काय करावं? शेतकऱ्यांना सांगतो तेच केलं. डोस डबल!

सातव्या दिवशी बुबुळावर कणीएवढा पांढरा ठिपका आला. "अवो, मले या डोळ्यानं तुमचं तोंड दिसून नाई राह्यलं," ती म्हणाली. मी थट्टा करणार होतो, पण ती रडत होती.

वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी आधी डोळा पाहिला, मग बाटली.

"यात जंतू मारायचं औषध आहे, तसंच स्टेरॉइडही आहे. स्टेरॉइडनं लाली दबली, म्हणून बरं वाटलं. जंतू मात्र आत वाढतच गेले. बाटली उघडल्यावर महिन्याभरात फेकायची असते, शिळ्या औषधानं जंतू मरत नाहीत. आणखी उशीर केला असता, तर बुबुळाला भोक पडलं असतं! कुणी दिलं हे?"

"आमच्या गावातला एक माणूस आहे," मी म्हणालो.

"शिकलेला आहे?"

"बी.एस्सी. ॲग्री."

"त्याला एकदा माझ्यासमोर आणा!"

सुनंदानं डोळ्यावरचा पदर न काढता माझ्याकडे बोट केलं. "संगंच आणला ना बाई, हा काय!"

त्यानंतर बाईंनी मला जे ऐकवलं, ते मी इथे लिहीत नाही. खरं होतं, एवढंच सांगतो. घरी येऊन आधी शोभावहिनींची माफी मागितली आणि त्यांना वर्ध्याला पाठवलं. (त्यांचा डोळा वाचला. मला त्या आता लांबूनच नमस्कार करतात.) मग कित्येक दिवस मी घड्याळ लावून, हात धुऊन, दर तासाला सुनंदाच्या डोळ्यात नवं औषध टाकत होतो. बाटलीचं तोंड पापणीला लागू नये म्हणून ती इतक्या वरून धरायचो, की निम्मे थेंब तिच्या कानात जायचे.

शेवटी डोळा वाचला. बुबुळावर एक पुसट डाग मात्र कायमचा राहिला. बाईंनी तिचा डावा डोळा झाकला आणि विचारलं, "आता कसं दिसतं?"

सुनंदानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"ह्यायचं तोंड जरा धुकट दिसते."

"तेवढं आता राहणारच," बाई म्हणाल्या.

"राहू द्या," ती म्हणाली. "याच डोळ्यानं पाह्यलं तं राग कमी येते."

आता माझ्याशी बोलताना ती डावा डोळा मिटून घेते. मी तक्रार करत नाही. दोन्ही डोळ्यांनी पाहण्यासारखा मी राहिलोच कुठे!