हौदातले चार रोहू

लासूर स्टेशनला उतरलो तेव्हा डोक्यात एकच धास्ती होती, मित्राच्या आग्रहाखातर तळ्यातला मासा खावा लागणार. आम्ही मालवणचे. गोड्या पाण्यातला मासा आमच्याकडे खात नाहीत, सहन करतात.

रमेशने मोटारसायकलवरून थेट तळ्यावरच नेलं. वाटेत टपरीवर शेंगदाण्याच्या चटणीबरोबर गरम भजी खाल्ली आणि माझा तोरा निम्मा उतरला. तळं दिसलं आणि उरलेलाही उतरला. काठाला पांढरी पोटं वर करून मासे लागले होते. पाण्यावर हिरवी साय होती, नाल्याच्या तोंडाशी फेस.

तळ्यावर जाळं टाकणाऱ्या भोई घरातल्या कांताबाई आणि त्यांचा धाकटा दीर दगडू एकमेकांकडे पाठ करून उभे होते. रमेशने हळूच सांगितलं, दगडूने पूर्वी एकदा हिंगण (काटेरी झाडाचं कडू फळ) कुटून पाण्यात टाकलं होतं आणि गुंगलेले मासे धरले होते. आताही त्याचंच काम, असं सगळे म्हणत होते. तसं ठरलं तर त्याचं जाळं कायमचं बंद.

"म्या नाय टाकलं, वैनी. लेकराची आण."

"आणा नगा घालू," कांताबाई म्हणाल्या. "हौद भरा."

हिंगणानं गुंगलेला मासा चांगल्या पाण्यात शुद्धीवर येतो, ही त्यांची जुनी परीक्षा. विहिरीच्या पाण्यात त्यांनी अजून धुगधुगी असलेले चार रोहू सोडले. मला राहवेना. एकाला काठीनं ढोसलं.

"ओ पाव्हणं, गप बसा की! मासा हाय त्यो, म्हैस नाय," कांताबाई खेकसल्या.

अर्ध्या तासात चारही उताणे झाले. कांताबाईंनी एकाचा कल्ला उघडला. लालभडक असायचा तो मातकट आणि बुळबुळीत होता.

"हिंगण नाय हे. नाल्याचं पाणी अन् ही साय. माझं चुकलं, भावजी."

आता दगडूचा जीव भांड्यात पडेल असं मला वाटलं. तो मटकन खाली बसला.

"म्याच टाकलं असतं तर बरं व्हतं, वैनी. हिंगणाचं पाणी चार दिसांत निवळतं. माझं जाळं गेलं असतं, तळं तरी ऱ्हायलं असतं."

त्या दिवशी रमेशकडे पिठलं-भाकरी जेवलो. मासा खायला मिळाला नाही याचं मला खरोखर वाईट वाटलं.

मालवणला परतल्यावर बायकोने बांगडे आणले. मी आधी कल्ला उघडला.

"ताजो आसा, बघतास काय?" ती चिडली.

कल्ला लालभडक होता. हौदातले रोहू शुद्धीवर आले असते, त्यांचा कल्लाही असा निघाला असता, तर दगडू चोर ठरला असता, आणि त्याला ते चाललं असतं.