कुंकू लावलेला फोन

वडिलांना मी सरळ अट घातली होती. एक तर सांगलीला माझ्याकडे कायमचं राहायला या, नाहीतर मी घेऊन देते तो फोन वापरा, म्हणजे रोज सकाळी मला तुमचं तोंड तरी दिसेल. आई गेल्यापासून आबा वाईच्या अलीकडच्या आमच्या गावात एकटेच राहतात. फौजेतनं सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, वय पंच्याहत्तरच्या पुढं. शेजारी काकी आहे, ती दोन वेळची भाकरी-कालवण पोचवते. भाऊ पुण्यात, त्याला कधीच सवड नसते. राहता राहिले मी. काळजी करायची ती मी, भांडायचं तेही मीच.

अट आबांनी नीट ऐकून घेतली. मग म्हणाले, "घर सोडणार न्हाई. फोन दे पाठवून."

मी त्याच संध्याकाळी ऑनलाइन मागवला. मोठा स्क्रीन, मोठी अक्षरं, म्हाताऱ्या माणसाला सोयीचा, असं मीच ठरवून टाकलं. पत्ता गावचा दिला आणि नंबर आबांच्या जुन्या बटणाच्या फोनचा, कारण घर सापडलं नाही की डिलिव्हरीवाले फोन करतात आणि मी सांगलीत बसून काय रस्ता दाखवणार. सोमवारी फोन पोचला. मी विचारलं, "सुरू केला का?"

"काकीनं ववाळलाय," आबा म्हणाले.

आमच्याकडं घरात नवी वस्तू आली की काकी ताट घेऊन हजर असते. मोटरसायकल असो, विहिरीवरची मोटार असो, नाहीतर मिक्सर असो, हळद-कुंकू लावल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. माझ्या लग्नातल्या फ्रिजवर अजून काकीच्या बोटांचे ठसे आहेत. पण फोनला तिनं काय केलं ते मला नंतर कळलं. तिनं आधी मागचं प्लास्टिक सोलून काढलं, कारण प्लास्टिकवर लावलेलं कुंकू देवाला पोचत नाही. मग पाण्यात कुंकू कालवून पाठीवर ऐसपैस स्वस्तिक काढलं आणि कॅमेऱ्याच्या तिन्ही डोळ्यांना एकेक बोट लावलं. खोक्यालाही लावलं. खोकं बिचारं का मागं राहील.

मंगळवारी सकाळी आबांचा फोन आला. "पोरी, ह्यो परत करून टाक."

"का?"

"ह्याला हाताला कायच लागत न्हाई. नुसती काच हाय."

मी समजावलं. काचेवर बोट फिरवायचं, हिरवं चिन्ह आलं की दाबायचं, दोन दिवसांत सवय होते, शेजारचे म्हातारे पणतवंडांशी बोलतात. आबा आपले एकाच पालुपदावर. फोन नको. मग मीही चिडले. म्हटलं, "ठीक आहे, फोन नको तर सांगलीला यायचं. ठरलंय आपलं."

"फोन बी नगं आन सांगली बी नगं."

"असं चालणार नाही आबा. फोन परत जाईल त्या दिवशी मी तुमची बॅग भरायला येणार."

माझी खात्री होती की हे ऐकून ते फोन ठेवून घेतील. ते एवढंच म्हणाले, "बघू. आधी ह्यो परत कर."

मग सुरू झाला माझ्या डोक्याला ताप. परत करायला सात दिवसांची मुदत होती. ॲपवर कारण विचारलं होतं. वस्तू फुटलेली आहे, चुकीची आली आहे, रंग वेगळा आहे, मला नको आहे. वडील हट्टी आहेत, असं कारण त्यांत नव्हतं. मी 'नको आहे' वर बोट ठेवलं, तर 'का नको आहे' असं पुन्हा विचारलं. जन्मात कुठल्या दुकानदारानं मला इतकं छळलेलं नाही. शेवटी गुरुवारी माणूस फोन न्यायला येईल, असा निरोप आला.

गुरुवारी दुपारी मी ऑफिसात डबा उघडून बसले होते, तेवढ्यात आबांच्या नंबरवरून त्या माणसाचा फोन. "मॅडम, ह्या मोबाईलला काय झालंय? लाल कशानं झालाय?"

"कुंकू आहे ते."

"कुंकू असू दे न्हाईतर गुलाल असू दे. मला हितं 'डाग नाही' म्हणून टिक करावी लागतीय. मी कशी करू?"

त्याचं काही चुकत नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. तो गेला हात हलवत. मी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकवल्यावर एक बाई आली. ती म्हणाली, "मॅम, प्रॉडक्ट पर कौनसा केमिकल लगा है?" मी म्हटलं केमिकल नाही, कुंकू. तिला कुंकू कळेना. सिंदूर म्हटल्यावर कळलं, पण मोबाईलला सिंदूर कुणी लावला आणि का, हे तिला कळेना. काकीची सगळी हकीकत मी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितली. सगळं ऐकून ती म्हणाली, "मैं आपकी परेशानी समझ सकती हूँ." मला तिचा गळाच धरावासा वाटला. शनिवारी पुन्हा माणूस पाठवते, तोवर वस्तू साफ करून ठेवा, असं ठरलं.

आबांना मी बजावलं, "ओल्या फडक्यानं नीट पुसा. एक ठिपका राहता कामा नये."

"पुसतो."

शुक्रवारी विचारलं तर म्हणाले, "पुसलं. एकदम चकाचक."

साफसफाईत आबांचा हात कुणी धरायचा नाही. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी बुटाला असं पॉलिश करायचे की त्यात बघून भांग पाडता यावा. त्यांनी चकाचक म्हटलं म्हणजे मी निर्धास्त झाले.

शनिवारी त्या माणसानं मला फोटोच पाठवला. स्वस्तिकाच्या दोन भुजा गेल्या होत्या आणि दोन जशाच्या तशा होत्या. कॅमेऱ्यांभोवतीचं कुंकू ओल्या फडक्यानं आणखी पसरलं होतं. तो परत गेला. माझं डोकं असं फिरलं की मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन आबांना फोन लावला आणि वाट्टेल ते बोलले. "एवढं ढळढळीत लाल आहे, दिसत नाही का तुम्हाला?"

आबा हळूच म्हणाले, "दिसतंय की. ऱ्हायलं आसंल कुटं. परत पुसतो."

नवऱ्याला सांगितलं तर त्याला हसू आलं. म्हणाला, "हे मुद्दाम चाललंय. फोन परत जाईना म्हणजे तुला बॅग भरता येईना. मुदत टळली की फोन टाकतील कपाटात आणि राहतील घरात." मला ते शंभर टक्के पटलं. आणि मला असं बनवतात म्हणून भयंकर संताप आला. रविवार शेवटचा दिवस होता, त्या दिवशी माणूस शेवटचं येऊन बघणार होता. म्हटलं, आता मीच जाते, बघते कसे पुसत नाहीत ते. जाताना रिकामी बॅगही बरोबर घेतली.

पहाटेची एसटी धरली, साताऱ्याला बदलली, आणि बाराच्या आत घरी पोचले. आबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मी फाटकातून आत आले तरी बघितलं नाही. "आबा" म्हटल्यावर एकदम वळले आणि म्हणाले, "आलीस व्हय? बस, बस." मांडीवर फोन होता आणि ते फडक्यानं पुसत होते. मोठ्या निगुतीनं, गोल गोल, एकाच जागी. त्या जागी काही नव्हतंच. कुंकू होतं ते चार बोटं पलीकडे.

मी फोन हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. कापूस घेतला, टाचणी घेतली, आणि बडबडत सगळं कोरून काढलं. माझ्या नोकरीचं, रजेचं, एसटीच्या धक्क्यांचं सगळं त्यांना ऐकवलं. काकी चहा घेऊन आली, तिलाही दोन शब्द ऐकवले. आबा मांडीवर हात ठेवून ऐकत बसले.

फोन न्यायला तोच माणूस आला. पन्नाशीचा असेल, हेल्मेट काखेत. त्यानं फोन उलटसुलट करून बघितला, टिक केली आणि म्हणाला, "आता तुमच्या मोबाईलवर ओटीपी आलाय बघा. चार आकडे. सांगा."

तो आबांच्या जुन्या फोनवर आला होता. आबा उठून उभे राहिले. खिशातनं फोन काढला, समोर धरला, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "चार, सात, सात, एक."

"चुकीचा हाय आबा. परत बघा."

"चार, एक, सात, सात."

"तिसऱ्यांदा चुकला तर लॉक हुईल बरं का. मग मला काय करता यायचं न्हाई."

मला वाटलं, घ्या, हा शेवटचा डाव. मी पुढं होऊन त्यांच्या हातातला फोन घेतला. स्क्रीनवर मेसेज नव्हताच. नुसता घड्याळाचा आकडा होता. मेसेज उघडल्यावर ओटीपी दिसला, त्यात चारही नव्हता आणि सातही नव्हता. त्याच्या खाली बँकेचे, गॅसचे, रेशनचे, माझ्या संक्रांतीच्या शुभेच्छांचे, कितीतरी महिन्यांचे मेसेज होते. एकही उघडलेला नव्हता.

मी त्या माणसाला आकडे वाचून दाखवले. तो फोन घेऊन गेला. आबा तसेच उभे होते, सावधान म्हटल्यासारखे.

मी विचारलं, "आबा, मी कुठल्या रंगाची साडी नेसलेय?"

 काकीनं पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली. तिला ठाऊक होतं.

"कधीपासून?"

"दोन दिवाळ्या झाल्या. उजव्यानं कायच न्हाई. डाव्यानं उजेड कळतो, माणूस हललेला कळतो." मग म्हणाले, "घरातलं समदं पाठ हाय मला. शेतापतुर जातो. बटनं बी बोटाला कळत्यात. तू उगं बॅग भरू नगंस."

मला राग आला, रडू आलं, दोन्ही एकदम. दिवाळीला मी चार दिवस याच घरात होते. आबा माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला चाचपडले, तेव्हा सगळे हसले होते, मीही हसले होते. पेपर बंद का केला विचारलं तर म्हणाले, त्यात वाचण्यासारखं काय असतं. मी म्हटलं, खरंय. माणूस समोर आंधळा होत होता आणि मी फोन कुठला घ्यावा ते बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन निघाले. बॅगेत दोन दिवसांचे कपडे घेतले, कायमचं न्यायचं नाही असं काकीसमोर कबूल केल्यावरच ते निघाले. मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, बोलायला सरळ. त्यांनी तपासून सांगितलं, डाव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करू, बऱ्यापैकी दिसेल. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू फार पिकला, आत दाब वाढला आणि नस गेली. त्या डोळ्याचं आता काही होणार नाही.

"हा डोळा भयंकर दुखला असेल, आजोबा," डॉक्टर म्हणाले. "डोकं फुटायची वेळ आली असेल. तेव्हाच आला असता तर साधं ऑपरेशन होतं. घरात कुणाला बोलला नाहीत?"

आबा स्टुलावर ताठ बसले होते. साहेबापुढं रिपोर्ट द्यावा तसे म्हणाले, "बोललो आसतो तर घर सुटलं आसतं. हिची तशी अट व्हती."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं.  ते खरं होतं. दोन वर्षं त्यांनी खोकला म्हटलं की मी म्हणायचे, मग या सांगलीला. गुडघा म्हटलं, या सांगलीला. झोप लागत नाही म्हटलं तरी तेच. हळूहळू त्यांनी काही दुखतंय म्हणून सांगणंच बंद केलं, आणि मी ऑफिसात सगळ्यांना कौतुकानं सांगत होते की आमच्या आबांची या वयातही काही तक्रार नाही.