राजाला वन्स मोअर

म्हातारा राजा उभा करायचा तर नटाने आधी आयुष्यात सर्वस्व गमावलेलं असावं लागतं, असं जाणकार म्हणतात. माझ्या सासऱ्यांनी तो पहिल्यांदा केला तेव्हा ते ऐन तिशीत होते, बँकेत कॅशियर होते आणि तोवर त्यांनी एक छत्री गमावली होती.

इंग्रजी रंगभूमीवरच्या मोठ्या नटांची कारकीर्द सरकारी नोकरीसारखी ठरलेली असते. तरुणपणी कवटी हातात धरून विचार करायचा, मध्यम वयात बायकोच्या सांगण्यावरून घरी आलेल्या पाहुण्याचा खून करायचा, आणि गुडघे कुरकुरू लागले की मुलींमध्ये राज्य वाटून वादळात उभं राहायचं. असा राजा पुन्हा होणे नाही, असं समीक्षक दर पिढीला लिहितात. सासऱ्यांनी मधल्या पायऱ्या गाळल्या. बँकांच्या नाट्यस्पर्धेत त्यांनी थेट राजाच केला, बक्षीस मिळवलं, आणि कॉलनी त्यांना 'महाराज' म्हणू लागली. भाजीवालासुद्धा.

गेल्या वर्षी ते आणि सासूबाई आमच्याकडे जर्मनीत, र्युसेल्सहाइमला आले. त्याआधीपासूनच त्यांचे शब्द हरवायला लागले होते. किल्लीला ते 'ते हे' म्हणत, चष्म्यालाही 'ते हे'. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत वादळातलं स्वगत करणार, असं त्यांनी जाहीर केलं तेव्हा प्रश्न दिवाळीचा नाही हे घरात सगळ्यांना कळलं. ते स्वगत अजून शेवटपर्यंत आपल्याकडे आहे का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

"अहो, मी विंगेत पुस्तक घेऊन उभी राहते," सासूबाई म्हणाल्या.

"राजाला प्रॉम्प्टिंग? मग राज्य तूच कर."

"आत्ता कोण करतंय?"

उत्साह वाढावा म्हणून मी त्यांना कोलोनला तेच नाटक दाखवायला नेलं. तिथे राजा एका प्रख्यात नटीने केला होता, बाथरोब घालून. वादळ म्हणजे एक टेबलफॅन होता. मध्यंतरात सासरे गंभीरपणे म्हणाले, "बाई ताकदीची आहे. पण मुकुट नाही. लोकांना कळणार कसं?"

"बाबा, वादळात राजा बोडकाच असतो. मुळात तसंच आहे."

"मूळ लिहिणाऱ्याने आमची कॉलनी बघितली नव्हती."

त्यामुळे मुकुट आला. सोनेरी कागदाचा. दाढी त्यांनी पुण्याहूनच आणली होती.

कार्यक्रम एका चर्चच्या हॉलमध्ये होता. मी विंगेत ओव्हनचा ट्रे हलवून ढगांचा गडगडाट करत होतो. सासऱ्यांचा आवाज चढला तसा समोरच्या रांगेतल्या पोरांनी चकल्या खाणं थांबवलं. त्यांनी वाऱ्याला दम दिला, पावसाला शिव्या घातल्या, विजेला हाक मारली आणि थांबले. हात वर होता. तोंड उघडं होतं. मी ट्रे हलवला. वीज काही येईना. त्यांचे डोळे किल्ली शोधताना होतात तसे झाले.

"वन्स मोअर!"

पहिल्या रांगेत सासूबाई उभ्या राहिल्या होत्या. लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याच्या नाटकाला टाळीसुद्धा बेतानेच वाजवली होती.

आता वन्स मोअर मिळाल्यावर नट सुरुवातीपासून म्हणणार, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. सासऱ्यांनी मान झुकवली आणि पुन्हा वाऱ्याला दम दिला. वारा, पाऊस, वीज. पुन्हा तिथेच थांबले.

"वन्स मोअर!" या वेळी मागून डार्मश्टाटची विद्यार्थी मंडळीही ओरडली. त्यांना कळलं होतं की नुसताच जोर चढला होता, माहीत नाही.

तिसऱ्यांदा वीज आली, आणि तिच्यामागून उरलेलं सगळं धडाधड आलं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. माझा ट्रे वाकला.

दर दिवाळीला समोशांसाठी येणारे आमचे जर्मन शेजारी नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तीनदा सांगूनही निसर्ग ऐकत नाही, ही कल्पना फार खोल आहे. मुळातच तसं आहे का?"

"गेनाऊ. अगदी तसंच," मी म्हणालो.

तिकडे सासरे सासूबाईंना म्हणत होते, "इतक्या वर्षांत तू कधी वन्स मोअर दिला नव्हतास."

"इतक्या वर्षांत मला कधी पहिली रांग मिळाली नव्हती. घाम पुसा."

हॉलच्या करारात 'बेझेनराइन' असा एक शब्द होता. जागा परत देताना ती झाडून स्वच्छ असली पाहिजे, असा त्याचा अर्थ. मंडळाचे कार्यकर्ते फोटो काढत होते, म्हणून सासूबाईंनी झाडू जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातात दिला. दाढीचा डिंक सुटत नव्हता आणि मुकुट काढायचं कुणाला सुचलं नाही. राजाने अख्खा हॉल झाडला. हॉलची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरने तपासून खुर्चीखालचा एक शेंगदाणा दाखवला. राजाने तोही उचलला.