अकरा नंबरचं मामेकूळ

समोरचा माणूस कुठूनही आलेला असो, पाहुणे त्याला तीन प्रश्नांत आपल्या नात्यात आणून बसवत. गाव कोणतं, आडनाव काय आणि मामेकूळ कोणतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत तो बिचारा त्यांच्या साडूच्या चुलतभावाचा व्याही तरी ठरलेला असे, नाहीतर आत्याच्या नणंदेचा भाचा. मग पाठीवर थाप पडे, "मंग आपलेच की, पाहुणे!" ते सगळ्या मुलखाला पाहुणे म्हणत, म्हणून मुलूखही त्यांना पाहुणेच म्हणे. त्यांचं खरं नाव मतदानाच्या दिवशी केंद्रावर पुकारलं गेलं की तेवढ्यापुरतं कानावर पडायचं.

देवगाव फाट्यावर माझं मेडिकल आहे आणि त्याला लागून इस्माईलभाईंचं हॉटेल. पाहुण्यांचं गाव तिथून चालत जाण्यासारखं. शेती चांगली होती, बायको लवकर गेली होती, मुलगी नांदेडला दिली होती. त्यामुळे दिवसभर दुसऱ्यांच्या सोयरिकी जमवायला ते मोकळे होते. सेलूपासून पिंगळीपर्यंत रुळाच्या दोन्ही बाजूंना त्यांनी जमवलेले संसार सुखाने किंवा भांडत, पण चालू होते. मोबाईल कायम स्पीकरवर. "गुपचूप बोलायला मी काय चोऱ्या करायलोय?" असं त्यांचं म्हणणं. तालुक्यातल्या कोणत्या मुलीने कोणत्या मुलाला नाही म्हटलं, हे मला डोकेदुखीच्या गोळ्या देता देता कळायचं.

इस्माईलभाईंनाही त्यांनी सोडलं नव्हतं. एकदा इस्माईलभाईंनी हसत विचारलं, "क्या पाहुणे, हमारा तुमारा रिश्ता कैसा निकलता अब?" पाहुण्यांनी डोळे मिटले, दोन पिढ्या मागे गेले आणि म्हणाले, "तुमच्या आजोबाचा ढवळा बैल अन् माझ्या आजोबाचा पवळा एकाच गाईचे. आपुन दोघं गाईकडून मावसभाऊ." इस्माईलभाईंनी त्या दिवशी सगळ्यांना स्वतःहून चहा पाजला.

या इस्माईलभाईंना फुटबॉलचं वेड. मला ते नांदेडच्या हॉस्टेलात लागलेलं. क्रिकेटला सगळा तालुका होता, फुटबॉलला आम्ही दोघंच. म्हणून पाहुणे आमच्यात येऊन बसू लागले तेव्हा आम्हाला हायसं वाटलं. खेळ त्यांना ठाऊक नव्हता, पण त्यांनी तो आठवडाभरात आपल्या धंद्यात बसवून घेतला. पास देणं म्हणजे मुलगी देणं. "समोरच्याचं घर बघून द्यावा. हे पोट्टं दिसंल त्याला द्यायलंय!" गोलकीपर म्हणजे मुलीचा बाप. आणि ऑफसाईड मला आयुष्यात कोणी इतकी सोपी करून सांगितली नव्हती. "बोलावणं यायच्या आदीच पंगतीत जाऊन बसलं, की ऑफसाईड. मंग उठावं लागतंय पत्रावळीवरून."

आपल्या पुरुषांच्या संघाने आम्हाला बरीच वर्षं छळलं. प्रत्येक पराभवानंतर इस्माईलभाई टीव्हीकडे पाठ करून भजी तळत. शेवटी एका दुपारी त्यांनीच मुलींचा सामना लावला. पहिला पाऊण तास आम्ही उगाच इकडेतिकडे बघत, खाकरत पाहिला. मग लक्षात आलं की या मुली चेंडू पायाशी ठेवतात, मागे येऊन अडवतात, आणि हरत असल्या तरी खेळणं सोडत नाहीत. आशियाच्या मोठ्या स्पर्धेसाठी पात्रता फेरी चालू होती. एकेक देश मागे पडत गेला आणि आमच्या टेबलावर वाद वाढत गेले. माझं मत असं की बचाव कच्चा आहे. इस्माईलभाईंचं मत, बचाव गया भाड में, ती डावीकडची अकरा नंबर आहे तोवर काळजी नाही.

अकरा नंबर खरंच वेगळी होती. नुकतीच संघात आलेली, काटकुळी, केस घट्ट बांधलेले. चेंडू मिळाला की क्षणभर थांबायची. समोरची मुलगी एका पायावर गेली, की ही दुसऱ्या बाजूने निघून गेलेली असायची. "हिला उजवा पाय पण पाहिजे," मी म्हणायचो. "पहले तुमारा डावा चलाके दिखाव," इस्माईलभाई म्हणायचे. एका सामन्यात मध्यंतराला तिचं नाव पडद्यावर मोठं झळकलं, ऋतुजा ढगे, कोल्हापूर, आणि इस्माईलभाईंनी पाहुण्यांना डिवचलं, "लो पाहुणे! निकालो रिश्ता!"

पाहुण्यांनी टोपी सरळ केली. "ढगे कोल्हापुरातले न्हाईत. जिंतूरकडले हायत. थांबा जरा." आणि जिंतूरकडच्या एका व्याह्याला फोन लावला. नेहमीप्रमाणे स्पीकरवर.

"कोल्हापूरकडं कोयत्यावर गेले अन् तिकडंच ऱ्हायले, ते ढगे का?" पलीकडून आवाज आला. "वळकतो की. ऊस तोडता तोडता बापाला तिकडंच कारखान्यावर काम लागलं. पोरगी लय मोठी खेळाडू झाली म्हणं."

पाहुण्यांनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू अर्धा गोल त्यांनीच मारलाय. "बरं, अन् मामेकूळ कोणतं हो पोरीचं?"

पलीकडचा माणूस हसायला लागला. "काय पाहुणे, मजाक करायलाव का? तुमच्या नानाची सासुरवाडी की! तुमची भावजय त्या लेकराची सख्खी मावशी हाय."

फोन "हॅलो, हॅलो" करत राहिला. पाहुणे उठले, म्हणाले, "रेंज न्हाई हितं," आणि दुसरा हाफ न बघता निघून गेले. त्या दिवशी रेंज इतकी स्वच्छ होती की रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्यानेही सगळं ऐकलं होतं.

गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती, फक्त त्यांच्यासमोर कोणी काढत नसे. नाना त्यांचा धाकटा, पाठचा भाऊ. वीसेक वर्षांपूर्वी त्याने ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली सुशीला पसंत केली, तेव्हा पाहुणे म्हणाले होते, "आपल्या दारात कोयता नगं." सगळ्या तालुक्याची लग्नं लावणारा हा माणूस भावाच्या लग्नाला गेला नाही. त्या दिवशी ते पिंगळीला कोणा तिसऱ्याच्याच लग्नात बुंदी वाढत फिरत होते. मग वाटण्या झाल्या. नाना शेतातल्या आखाड्यावर, गुरांच्या गोठ्याशेजारी, घर बांधून राहिला आणि पाहुणे स्वतःच्या शेतात जाताना तो आखाडा टाळून, नाल्याच्या बाजूने लांबून जाऊ लागले. भावजयीशी ते एक शब्दही बोलले नव्हते. मला ते फार आवडायचे, पण ही एक गोष्ट आठवली की त्यांचा राग यायचा. जगभर नाती शोधत हिंडायचं आणि घरातलं एक चुकवायचं, याला काय म्हणावं?

ते बरेच दिवस हॉटेलात फिरकले नाहीत. इस्माईलभाई हळहळत होते, "मैंने उगाच छेडा." आमचा संघ तेवढ्यात आणखी एक सामना जिंकला. आता शेवटचा उरला होता. जिंकला तर आशियाच्या स्पर्धेत, हरला तर घरी. त्याच्या आदल्या दिवशी पाहुणे माझ्या काउंटरपाशी येऊन उभे राहिले आणि इतक्या हळू बोलले की मला वाटलं, अवघड जागेचं दुखणं असणार.

"सेलूला चाललाव ना माल आणायला? एक शालू आणा."

"कसला शालू?"

"नवरीला घेतेत तसला. चांगला बघा." मग दुकानाबाहेर पाहत म्हणाले, "अन् उद्या मॅच आखाड्यावर बघू. तुमी अन् इस्माईलभाई चला संगं. मध्यस्थानं एकट्यानं जाऊ न्हाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कापसाच्या रानातून आखाड्यावर गेलो. नाना गोठ्यापाशी कडबा टाकत होता. आम्हाला पाहून तो जागीच थांबला. पाहुण्यांनी घसा साफ केला, शालूचं पुडकं या काखेतून त्या काखेत घेतलं, आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "गाव कोणतं पाहुण्याचं?"

नाना त्यांच्याकडे बघत राहिला. "तुमचंच."

"आडनाव?"

"तेबी तुमचंच."

तिसरा प्रश्न काही येईना. इस्माईलभाई आभाळात काहीतरी शोधत होते. तेवढ्यात दारातून सुशीलाबाईंचा आवाज आला, "आत या म्हणावं सगळ्याला. मॅच सुरू व्हायलीय."

त्या घरात आम्ही जे पाहिलं, ते हॉटेलात कधी पाहिलं नव्हतं. सुशीलाबाई डोक्यावरचा पदर सावरत थोरल्या दिराकडे पाठ करून बसल्या होत्या, पण भाचीच्या पायाशी चेंडू आला की पदराचं भान सुटायचं. "पळ गं माय, पळ! थांबू नकू!" नाना कपाळाला हात लावून बसला होता. इस्माईलभाई बचावाला शिव्या देणार होते, पण बाईमाणसासमोर जीभ चावत होते. पाहुण्यांनी मात्र शालूचं पुडकं मांडीखाली घेतलं होतं आणि ते अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखे त्यावरून हलत नव्हते.

सामना संपत आला, बरोबरीच होती. अकरा नंबरला डावीकडे चेंडू मिळाला. ती थांबली. समोरच्या दोघी एकदम अंगावर आल्या, आणि हिने माझा नेहमीचा आक्षेप खोटा पाडत उजव्या पायाने चेंडू कोपऱ्यात घातला. आम्ही सगळे उभे राहिलो. इस्माईलभाईंनी नानाला उचललं. पाहुणे तर असे उडाले की पुडकं घरंगळत जाऊन सुशीलाबाईंच्या पायापाशी उघडलं. लालभडक शालू, जरीचा काठ.

"हे काय हो?" सुशीलाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

सगळे पाहुण्यांकडे बघू लागले. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या वतीने एवढं बोलून ठेवलं, त्याचे ओठ नुसते हलले. "पोरीला," ते म्हणाले. "गोल मारला तिनं. तिला धाडा."

नाना म्हणाला, "गोल व्हायच्या आदीच आणला?"

"भरोसा था हमको," इस्माईलभाई घाईघाईने म्हणाले.

संघ जिंकला, पात्र ठरला, आम्ही पेढ्याऐवजी गूळ खाल्ला. येताना मी पाहुण्यांवर चिडलो. शालू कोणासाठी होता ते मला चांगलं माहीत होतं. ते म्हणाले, "लोकाच्या वतीनं कवाबी बोलतो बगा. सवताचं काय बोलावं ते तोंडात येतच न्हाई." एवढ्या बडबड्या माणसाच्या तोंडून हे ऐकून मला गलबलून आलं.

पाहुणे त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. उन्हाळ्यात छातीचं दुखणं निघालं आणि परभणीच्या दवाखान्यात, नाना उशाशी असताना ते गेले. मुलींचा संघ आशियाच्या स्पर्धेत खेळला तो आम्ही त्यांच्याशिवाय पाहिला, आणि ऑफसाईडचा झेंडा वर गेला की मला अजून त्यांचीच आठवण येते. पण डोळ्यांसमोर उभे राहतात ते त्याआधीच्या हिवाळ्यातले, ऋतुजा मावशीला भेटायला गावात आली त्या दिवशीचे.

शाळेच्या मैदानावर सत्कार ठेवला होता. हारतुरे, माईक, माईकची शिट्टी, सगळं झालं. पोरगी ट्रॅकसूटमध्ये आली होती, टीव्हीवर दिसते त्याहून लहान वाटली. भाषण करा म्हटल्यावर ती कोल्हापुरी ठसक्यात म्हणाली, "मला बोलाय येत न्हाई ओ," आणि पिशवीतून तो शालू काढून सरळ सुशीलाबाईंकडे गेली. "मावशी, ह्यो तूच ठेव. मी काय शालू नेसून पळू?" लोक हसले. तिने तो मावशीच्या खांद्यावर टाकला. सुशीलाबाई लाजल्या, पण त्यांनी तो काढला नाही. पाहुणे मंडपाच्या खांबाला धरून लांब उभे होते.

एका वार्ताहराला घरच्या मंडळींचा फोटो हवा होता. त्याने नानाला, सुशीलाबाईंना ऋतुजाच्या बाजूला उभं केलं. कोणीतरी पाहुण्यांनाही पुढे ढकललं. तो नावं विचारत विचारत त्यांच्यापाशी आला.

"अन् आपण कोण हिचे?"

मी मनात म्हटलं, झालं. आता साडू, व्याही, चुलतं, मावसं सगळं निघणार. पाहुण्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"मी हिच्या मावशीच्या लग्नाला न गेलेला माणूस," ते म्हणाले.

वार्ताहराचं पेन थांबलं. नाना खाली बघू लागला. सुशीलाबाईंनी खांद्यावरचा शालू सावरला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा थोरल्या दिराकडे सरळ पाहिलं.

"उशिरा आले, एवढंच," त्या वार्ताहराला म्हणाल्या. "काका म्हणून लिवा."