कोमट केलेली बिअर

माझी सगळी नोकरी आंबट झालेले दूध ओळखण्यात गेली. दुग्धशाळेच्या धक्क्यावर पहाटे ट्रक लागत, कॅन उतरत, आणि मी एकेका कॅनचे झाकण उघडून आधी ते झाकणच नाकाशी धरत असे. वास दुधावर असतो त्याहून अधिक झाकणाच्या आतल्या बाजूला साठतो. संशय आला तर चमचाभर दूध जिभेवर घ्यायचे, थुंकायचे आणि एक शब्द उच्चारायचा: चालेल, किंवा परत. आंबट म्हणजे परत. या नियमाला अपवाद नव्हता, आणि मी तो शोधलाही नाही.

म्हणून गेल्या मार्चमध्ये मुलीने जे मागितले, ते मला प्रथम थट्टेचे वाटले.

मुलगी बिअर तयार करते. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत एका तरुण मालकाने लहानसा कारखाना काढला, तेव्हा ती पुण्याची नोकरी सोडून इकडे आली. नरखेडकडच्या संत्र्यांची आंबट बिअर करायची, ही कल्पना तिची. मालकाने टाकी दिली. पहिली टाकी कडू निघाली. दुसरीही कडू निघाली. दोन्ही गटारात सोडाव्या लागल्या. आमच्याकडच्या माणसाला याचे नवल वाटणार नाही. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की कडवट होतो. घरी तो काढल्या काढल्या पितात, उशिरा येणाऱ्या पाहुण्यासाठी राखून ठेवत नाहीत. आता तिसरी टाकी तयार होती. तीही बिघडली, तर मालक संत्रे बंद करून साध्या बिअरकडे वळणार होता. आणि साध्या बिअरसाठी मुलगी येथे थांबणार नव्हती. पुण्याहून बोलावणे आलेलेच होते. हे सर्व तिने रात्रीच्या जेवणात, भाकरी मोडत, सांगितले.

"तुझी टाकी आहे. तू चाख," मी म्हणालो.

"चाखून राहिली ना बाबा, रोजच. मालकबी चाखतेत. पण आता आमची जीभ खोटं बोलते. कडू असलं तरी बरंच लागते. मले अशी जीभ पाहिजे, जिनं कधी बिअर पाहिली नाही. अन् जे माझी भीड ठेवणार नाही."

तिची आई भाकरी वाढता वाढता थांबली. "मंग हेच. यायनं कोणाची भीड ठेवली नाही. लग्नात माझ्या बापाची ठेवली नाही, तं तुझी काय ठेवतीन?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, पण या वयात दारू प्यायले चाल्लात?"

मी म्हणालो, परवाना काढावा लागेल. दोघी हसल्या. मी हसलो नाही. एका दिवसाचा परवाना मिळतो. तो काढला, घडी करून खिशात ठेवला आणि मुलीच्या गाडीत बसलो.

मालक दाढीवाला, बोलका, आणि त्या दिवशी फार घाबरलेला होता. "या काकाजी, बसा," म्हणत त्याने खुर्ची फडक्याने दोनदा पुसली. मुलीने टाकीच्या तोटीखाली ग्लास धरला. काचेवर लगेच दव जमले. आतला द्रव फिकट केशरी, ढगाळ. वर पांढरा, पातळ फेस.

ग्लासावर तळहात ठेवून मी थोडा वेळ थांबलो, मग हात उचलून वास घेतला. पहिला वास संत्र्याचा होता. रसाचा नव्हे, सालीत अंगठ्याचे नख रुतते त्या क्षणाचा. त्याखाली दुसरा वास होता. तो मी झोपेतही ओळखला असता.

"विरजण लावता?" मी विचारले.

"हो बाबा. मोड आलेल्या जवाचं गोड पाणी असते ना, त्याले पहिले आंबवतो. ते जंतू म्हणजे दह्यातल्या जंतूंचे भाऊबंदच समजा. मंग उकळून त्यायले थांबवायचं, मंग यीस्ट, अन् सगळ्यात शेवटी संत्रं."

मी एक घोट घेतला. जबड्याच्या दोन्ही बाजू आवळल्या. पुढचे मी ठरवून केले नाही: जमिनीतल्या मोरीकडे वळलो आणि थुंकलो.

मालक उपड्या क्रेटवर बसला. "गेली," तो म्हणाला. "थुकले काकाजी. टाकी गेली."

"थांबा ना जी," मुलगी म्हणाली. "ते थुकतेतच. अजून बोलले कुठं?"

मी म्हणालो, "फार गार आहे. गारव्यात दोष लपतो. गार दुधाचा नमुना कोमट केल्याशिवाय आम्ही निर्णय देत नसू. हा ग्लास उन्हात ठेवा."

"काकाजी, गरम बिअर कोण पिते? लोकं मले मारतीन."

"पिणाऱ्याने पिऊ नये. तपासणाऱ्याने प्यावी."

"घरी आमचा चहाबी असाच पास होते," मुलगी त्याला म्हणाली, आणि ग्लास खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून आली. नागपूरचे मार्चचे ऊन या कामाला पुरेसे असते.

थांबलो असताना मी तिला विचारले, या खेपेला वेगळे काय केलेस. ती म्हणाली, आधी सबंध फोडी पिळल्या होत्या; कडूपणा बियांत आणि पापुद्र्यात असावा असा संशय आला, म्हणून या वेळी प्रत्येक फोड सोलली, बी काढले, नुसता गर घेतला.

"सगळ्या टाकीसाठी?"

"सगळ्या. मी अन् बाजूच्या वस्तीतल्या चार बाया."

मी तिच्या हातांकडे पाहिले. नखांभोवतीची कातडी चिरली होती. आमच्या घरात फोडीचा पापुद्रा काढून संत्रे द्यायचे ते तापातून उठलेल्या माणसाला. एरवी तेवढी उस्तवार कोणी कोणाची करत नाही.

ग्लास कोमट झाला. फेस बसला होता. कुठलाही दोष आता झाकून राहणार नव्हता. मी घोट घेतला, सगळ्या जिभेवर फिरवला, आणि या वेळी गिळला.

आंबटपणा आधी आला, धारदार आणि स्वच्छ. मी कडूपणाची वाट पाहत राहिलो. तो जिभेच्या मुळाशी येतो आणि उशिरा येतो. तो आला नाही. आले ते संत्रे. त्यात गोडी नव्हती. ती यीस्टने खाऊन टाकली होती. संत्रे म्हणजे गोड आणि आंबट यांची बेरीज, असे मी आजवर समजत होतो. गोडी काढून घेतल्यावर मागे काही उरेल, असे वाटले नव्हते. पण उरले होते. संत्र्याला संत्रे करणारे जे काही असते, ते एकटे, उघडे, जिभेवर उभे होते. आणि इतकी वर्षे संत्री खाऊन मला त्याची ओळख नव्हती. ज्याला मी जन्मभर नासणे म्हणत आलो, त्यालाच माझ्या मुलीने राखणीला बसवले होते, आणि त्याने फळ राखले होते.

मी दुसरा घोट घेतला. तपासणीला त्याची गरज नव्हती.

"बाबा?" मुलीने विचारले. तिचा आवाज लहान झाला होता.

"कडू नाही."

"म्हंजे चालेल?" मालक उठून उभा राहिला.

मी ग्लास उजेडात धरला. त्या दोघांना तो संशय वाटला असावा. मी नुसता पाहत होतो, इतकेच. एवढ्याशा द्रवापुढे माणूस असा स्तब्ध होऊ शकतो, हे मला कोणी सांगितले असते, तर मी ते मानले नसते.

"चालेल," मी म्हणालो. "भरा."

मालक फोन शोधत बाहेर धावला. मुलगी जागची हलली नाही. मग तिने टेबलावरचा स्वच्छ ग्लास उचलला आणि नळाखाली पुन्हा धुऊ लागली, माझ्याकडे पाठ करून, बराच वेळ. मी खिडकीशी उभा राहून उरलेली बिअर पीत होतो.

घरी पोचलो तेव्हा तिची आई दारातच होती.

"कशी होती?"

"आंबट."

तिचा चेहरा पडला. "मंग फेकली?"

"संपवली."

तिला समजायला क्षणभर लागला. मग तिने मुलीकडे पाहिले, आणि पुण्याचे काही न काढता, उद्या सकाळी डब्यात काय देऊ, असे तिला विचारले.